वाटेवरचा चोथा

माझ्या दुकानात नावात चीन असलेल्या चार बरण्या आहेत. दालचिनी, कबाबचिनी, चोपचिनी आणि रेवंदचिनी. बार्शीच्या बाजारात काष्ठौषधींचं हे दुकान मी स्वतःच्या पाठीवर पोती वाहून उभं केलं, पण चीनचं माणूस कधी पाहिलं नव्हतं. ते पाहण्यासाठी मला समुद्र ओलांडावा लागला नाही. कल्याणच्या अलीकडे सिंधी निर्वासितांची छावणी आहे, तिथल्या एका बराकीत ते मला भेटलं. छावणीला आता उल्हासनगर असं नाव दिलंय, पण तिथे राहणारे अजून कॅम्पच म्हणतात. आपल्याकडचं कुणी तिकडे सहसा जात नाही, जायला कारण नसतं. मला कारण होतं. माझा धाकटा भाऊ दत्तू तिथल्या दवाखान्यात मरणाला टेकला होता.

त्याच्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे. आई गेली तेव्हा दत्तू पाटीवर अक्षरं गिरवत होता. त्याला मी वाढवला, माल ओळखायला शिकवला, पुडी बांधायला शिकवली. एका बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकं उभी असताना, त्यानं ज्येष्ठमध सैल हातानं तोलला म्हणून मी त्याला बोललो. बोललो म्हणजे जसा मी बोलतो तसा बोललो. त्यानं तागडी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा माझा भाऊ नव्हे, काटा आहे. तोलल्याशिवाय ह्याच्या तोंडून शब्द निघत नाही. आजपासून हा माझा कुणी नव्हे."

तो गेला. अंबरनाथला कारखान्यात लागला, पुढे बदलापुराजवळ कुळगावात खोली घेतली, लग्न केलं. पत्रिका मला टपालानं आली, इतर गिऱ्हाइकांना येते तशी. मी गेलो नाही. भर बाजारानं ऐकलेला शब्द होता तो. मी विसरलो असतो तरी बाजार विसरला नसता.

मग त्याच्या बायकोची, सुमतीची, तार आली. हाताला विष झालंय, लवकर या. मी दुकानाला कुलूप लावलं.

कुळगाव

बार्शीची छोटी गाडी कुर्डुवाडीला सोडते आणि तिथून पुढे पुण्यावरून मोठी गाडी. त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घाट उतरल्यावर मात्र डोळे उघडले. आमच्याकडे काळी माती नजर जाईल तिथवर आडवी पडलेली असते. इथे डोंगर घराच्या परसापर्यंत येऊन बसलेले. भात कापून झालं होतं आणि खाचरांच्या ओलीवर वाल उगवून आला होता. थंडी होती, पण आमच्यासारखी कोरडी नव्हे. उपरणं दमट होत होतं.

दत्तूच्या खोलीला कडी होती. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती. गोमाबाय तिचं नाव.

"दत्तूचं कोन तुमी?" तिनं विचारलं.

"मोठा भाऊ."

"त्याला भाऊ हाय? कधी बोलला नाय त्यो."

ती हात झटकून उठली. "त्याला छावनीच्या दवाखान्यान नेलाय. कारखान्यान पत्रा लागला हाताला. हलद दाबली नि चिंधी बांधून कामावं गेला. मंग हात फुगला असा, भोपल्यावानी. लाल रेघ वर चढाया लागली. जेवून जा. सुकट चालल का?"

"नाही चालत."

"मंग बिरडा खा. उपाशी पोटी दुखनेकऱ्याला बगू नये."

तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी ती पोटाला धरत नाही, पण वालाच्या बिरड्याबरोबर ती तोंडात आपोआप विरते. हळद दाबली, हे मात्र घशात अडकलं. जखमेवर हळद दाबायची हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नव्हतं.

छावणी

कुळगावाहून गाडीनं अंबरनाथला आलो आणि स्टेशनाबाहेर टांगा केला. भाड्यासाठी मी टांगेवाल्याशी घासाघीस केली आणि त्याला निम्म्यावर आणला. छावणी दिसायला लागली तसा त्यानं घोडा थांबवला आणि माझं गाठोडं खाली ठेवलं.

"आधा भाडा, आधा रास्ता," म्हणाला आणि वळून गेला. त्याचा राग आला, पण हिशेब बरोबर होता. उरलेली वाट मी पायी चाललो.

छावणी लढाईच्या वेळी सैन्यासाठी बांधलेली. लांबच लांब बराकी, एकीसारखी दुसरी. मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार मांडलेले. पण मी पाहिलं ते हे की एकही दार रिकामं नव्हतं. कुठे पापड लाटत होते, कुठे बरण्यांत लोणचं भरत होते, कुठे जुन्या कपड्यांची बटणं काढून पुठ्ठ्यावर शिवत होते. सगळं विकायला. घरदार मागे टाकून आलेली माणसं रडत बसलेली असतील असं मला वाटलं होतं. त्यांना वेळ नव्हता. मीही रिकाम्या हातानं सुरुवात केलेली आहे, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटलं.

दवाखानाही एका बराकीतच होता. त्याच्या पायरीसमोर, बरोबर लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, काहीतरी काळपट ओलं पसरलं होतं. मी थबकलो. उकळलेल्या साली, काड्या, मळकी फुलं. आपल्याकडे तिठ्यावर उतारा टाकतात, भात, गुलाल, लिंबू. तो दिसला की आपण वळसा घालतो, पोरांना दंडाला धरून बाजूला ओढतो. ओलांडणाऱ्याला ते दुखणं लागतं. ह्यात लिंबू नव्हतं, गुलाल नव्हता, पण येणारेजाणारे सगळे त्याला वळसाच घालत होते. माझा भाऊ आत आणि हे असं दारात. मी पत्र्याचा एक तुकडा शोधला, सगळं खरवडून गटारात टाकलं आणि त्यावर थुंकलो.

आत दत्तू कोपऱ्यातल्या खाटेवर होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, खांद्याकडे गेलेली लाल रेघ दिसत होती. ओठांवर खपल्या. डोळे उघडे होते, पण त्यानं मला पाहिलं नाही.

सुमती उठून उभी राहिली आणि पदर सावरला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. "भावोजी, ते काल सारखं तुमचं नाव घेत होते," ती म्हणाली.

तेवढ्यात दत्तू बोलला. अगदी स्वच्छ बोलला. "अण्णा, पुड्या बांधून झाल्या. तोलून घे."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

डॉक्टर मराठी होते, वयानं तरुण, बोलायला सरळ. "विष रक्तात उतरलंय. हात चिरून पू काढलाय, पेनिसिलिनच्या सुया चालू आहेत. ताप उतरतोय. पण ताप उतरणं आणि माणूस सावरणं ह्या दोन गोष्टी आहेत. आधी आणायला हवं होतं."

"मला तार आत्ता मिळाली."

"तुम्हाला नाही म्हणत मी. कुणालाच नाही म्हणत," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

खाटेखाली मातीचं एक झाकलेलं भांडं होतं. मी झाकण काढून वास घेतला आणि बोट बुडवून चाखलं. कडू, फार कडू. ममीऱ्याच्या पिवळ्या मुळीसारखं काही आणि त्यात आणखी काही, जे माझ्या नाकाला ठाऊक नव्हतं. हे कुणी दिलं म्हणून मी सुमतीला विचारलं.

"चिनी भाभींनी. पलीकडच्या बराकीत राहतात. डॉक्टरांना विचारून देते मी."

अंबरनाथ

त्या रात्री कुळगावला दत्तूच्या खोलीत निजलो आणि सकाळी वाटेत अंबरनाथला महादेवाच्या दर्शनाला उतरलो. देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं, चहूबाजूंनी कोरलेलं, शेजारून ओढ्यासारखी नदी. आपल्याकडे देवाकडे चढून जावं लागतं, इथे उतरून जायचं. गाभारा खोल आहे, अंधाऱ्या पायऱ्या, खाली पिंडी आणि वर शिखर नसल्यामुळे उघडं आभाळ. उजेड थेट पिंडीवर पडतो.

देवाशी घासाघीस करू नये म्हणतात. मी केली. दत्तू वाचला तर हे करीन, ते करीन, असं एकेक पुढे ठेवत गेलो. देव कबूलही होईना आणि नाहीही म्हणेना. गिऱ्हाइकांत हे सर्वांत वाईट. रागावूनच वर आलो.

दवाखान्याच्या दारात पुन्हा ते ओलं पसरलेलं होतं.

आता मात्र मी ते गटारात टाकलं नाही. त्यातली एक पिवळी काडी उचलून चावली. कालच्या भांड्यातलीच चव. मूठभर चोथा उचलला, उपरण्यात घेतला आणि पलीकडच्या बराकीकडे निघालो.

पापड आणि पाणी

गोणपाटाच्या पडद्याबाहेर एक पन्नाशीचे सिंधी गृहस्थ कापडाचे तुकडे मांडून बसले होते. त्यांचं नाव लोकूमल. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि भाजलेला पापड आणि पाणी समोर ठेवलं. आपण उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतो, तसं हे लोक पापड देतात.

"मी खायला आलो नाही. तुमच्या बायकोनं माझ्या भावाच्या दारात हे टाकलंय," मी म्हणालो आणि उपरणं उघडलं.

"साईं, पहले पापड. झगडा पापड के बाद भी होता है."

मी पापड मोडला. पडदा सारून ती बाहेर आली. ठेंगणी, सलवार-कमीज घातलेली, केसांचा घट्ट बुचडा. चेहरा सोडला तर छावणीतल्या इतर बायकांसारखीच. बोलायची हिंदीत, मधूनमधून सिंधी शब्द. लोकूमल तरुणपणी एका सिंधी पेढीच्या रेशमाच्या दुकानात नोकरीला म्हणून चीनमध्ये कँटनला गेले होते. शेजारी तिच्या बापाचं औषधांचं दुकान होतं. मागे सिंध गेला आणि मग तिकडची पेढीही उठली, तेव्हा दोघं इथे आली. दोघांनाही परकं, अशा ह्या गावात. औषधं ती मुंबईत माझगावच्या चिनी वस्तीतून आणते.

तिनं उपरण्यातल्या चोथ्याकडे पाहिलं. "कल भी तुमने फेंका?"

"फेकलं. तुम्ही कशाला टाकलं?"

"हमारे यहाँ दवा उबालके कचरा रास्ते पे डालते. लोग चलते. एक-एक पैर थोडी-थोडी बीमारी ले जाता. एक आदमी को भारी, सौ को हलकी."

मला जे वाटलं होतं तेच तिनं शांतपणे कबूल केलं होतं. माझा आवाज चढला. "म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या पायी बांधायचं? आमच्याकडे ह्याला करणी म्हणतात."

लोकूमल हसले. "और आप लोग नींबू चौराहे पे क्यों रखते? अपने घर में क्यों नहीं रखते?"

मी उपरणं गुंडाळून काखेत मारलं. "आमच्यात तो लोकांना दिसतो. लोक वळसा घालतात."

"वहाँ भी दिखता है," ती म्हणाली. "लोग जानते हैं. फिर भी पैर रखते. आज मेरे दरवाजे पे, कल तुम्हारे. सिर्फ घर के आदमी का पैर नहीं गिनते. उसपे तो पहले से बोझ है."

मी उरलेला पापड तोंडात टाकला, काहीतरी करायला हवं म्हणून. तेवढ्यात सुमती पळत आली. "भावोजी, चला. ते गार पडलेत."

मुळी

ताप उतरला होता. पण तो उतरला तसा दत्तूही उतरत चालला होता. कपाळावर चिकट घाम, हात बर्फासारखे, नाडी बोटाखाली लागत नव्हती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, सुई दिली. ते घाईनं काम करत होते.

माझ्यामागून ती चिनी बाई आली होती. डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. आपले वैद्य पुरुषाचा उजवा हात पाहतात. उजवा पट्ट्यांत होता, म्हणून तिनं डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली, मग पाय उघडा केला आणि पावलावर बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून राहिली. जीभ पाहिली.

"कडवा बंद," ती म्हणाली. "अब गरम चाहिए. अब जड."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "माझी औषधं थांबणार नाहीत," ते म्हणाले. "त्याला गिळता येतंय, तर चमचा चमचा द्या. ठसका लागला किंवा उलटी झाली की लगेच थांबायचं. मी तुम्हाला आशा देत नाही आणि काढूनही घेत नाही."

बराकीत परत गेल्यावर तिनं ट्रंकेतून पत्र्याची एक डबी काढली. डबीत रेशमी चिंधी, चिंधीत ती म्हणाली ती जड, एक मुळी. पिवळसर, सुरकुतलेली, हातपाय फुटलेल्या माणसासारखी. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून मी ह्या चिनी मुळीबद्दल, तिच्या सोन्याच्या भावाबद्दल ऐकलं होतं. पाहत होतो पहिल्यांदा. पण माल समोर आला की माझी जीभ आधी चालते.

"जुनी झालीय. टोकाला कीड दिसते. रंगही उतरलाय. काय घ्याल?"

तिनं चिंधी गुंडाळायला सुरुवात केली. लोकूमल म्हणाले, "साईं, यह बेचने की चीज नहीं."

"प्रत्येक गोष्ट विकायची असते. किंमत सांगा."

"हमारा बेटा हाँगकाँग में है. दर्जी की दुकान में. इसके बाप ने यह जड दी थी, कि जब हम दोनों में से किसीका टाइम आए, तो पिलाओ. बेटे के पहुँचने तक साँस रुकी रहेगी. उनके मुल्क में इसी काम के लिए रखते हैं."

आपल्याकडे शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजळ घालतात, माणूस सुखानं जावा म्हणून. ह्यांच्याकडे कुणीतरी पोचेपर्यंत त्याला धरून ठेवतात. हे मला आता, लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त ओरडलो. तुम्ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं आहात, असं आणि आणखी बरंच. आजूबाजूचे पडदे हलले. लोकूमल उभे राहिले होते. ती बसूनच होती.

माझा दम संपल्यावर तिनं विचारलं, "तुम कितनी दूर से आया?"

"बार्शीहून."

"भाई किसका रास्ता देखता है?"

मला खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. धंद्यात मी ह्याहून मोठी बोललेलो आहे. पण तोंडातून निघालं ते एवढंच. "नाव माझं घेतो. पण म्हणतो पुड्या तोलून घे."

तिनं गुंडाळलेली चिंधी पुन्हा सोडली. मग नवऱ्याकडून अडकित्ता मागून घेतला आणि मुळीच्या बरोबर मध्ये ठेवला. लोकूमलनी तोंड फिरवलं. कट् असा आवाज झाला.

"आधा हमारे बेटे के लिए," ती म्हणाली आणि दुसरा अर्धा माझ्यापुढे केला.

मी तो घेतला आणि सवयीनं तळव्यावर किंचित वरखाली केला. माझा हात काट्याला हार जात नाही.

"तौलो मत," ती म्हणाली.

चोथा

तिनं त्या अर्ध्या मुळीच्या चकत्या केल्या, सुंठेचा तुकडा आणि काळी सुकी बोरं घातली, झाकणाचं एक भांडं मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवलं आणि चुलीशी बसून राहिली. दुपार कलायला लागली. मी दवाखान्याच्या आणि बराकीच्या मध्ये फेऱ्या घालत होतो. सुमती खाटेजवळून हलली नाही.

काढा आला. सुमतीनं दत्तूची मान उचलली, चिनी बाईनं चमचा धरला. पहिला चमचा ओघळला. दुसऱ्याला घसा हलला. मग मी पाहायचं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

वाटी संपल्यावर तिनं उकळलेल्या भांड्यासकट चोथा माझ्या हातात दिला. "कल तुमने फेंका था. आज तुम डालो."

मी पायरी उतरलो आणि वाटेवर तो पसरला. चांगला, ऐसपैस, कुणाला चुकवता येऊ नये असा. आणि बाजूला उभा राहिलो.

कुळगावाकडचं एक जोडपं आलं. बाईनं लुगडं वर धरलं, नवऱ्याला कोपरानं ढकललं आणि दोघं कडेनं गेली. दोन सिंधी बायका आल्या, एकमेकींशी काही कुजबुजल्या आणि सलवारी उचलून लांबून गेल्या. दवाखान्याचा झाडूवालासुद्धा गवतातून गेला. मला तेव्हा कळलं. तिचं औषध समुद्र ओलांडून आलं होतं, पण त्यावर पाय ठेवणारी माणसं आली नव्हती. इथे ज्याला त्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं. वळसा घाल.

"पाय ठेवायला काय होतं तुम्हाला?" मी एकावर ओरडलो. त्यानं वेड्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि पावलं भरभर उचलली.

घरच्या माणसाचा पाय मोजत नाहीत, असं ती म्हणाली होती. मी तिथे उभा राहून त्याचा विचार केला. मग वहाणा काढल्या, पायरीशी जोडीनं ठेवल्या आणि त्या चोथ्यात उभा राहिलो. तो अजून कोमट होता. सुंठेचे तंतू बोटांत अडकले. एक पाय, मग दुसरा, पुन्हा पहिला, टाचेनं दाबून, भातखाचरात चिखल तुडवावा तसा तुडवला.

ती दारात येऊन उभी होती. "घर का पैर नहीं गिनते," ती म्हणाली. रागानं नव्हे, हळू बोलली.

"मैं घर का नहीं," मी म्हणालो. "उसने भरे बाजार में बोला है. मैं उसका कोई नहीं. सारा बाजार गवाह है."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सच बोला था उसने? गुस्से में नहीं?"

"सच. सबके सामने."

"तो गिनेंगे," ती म्हणाली आणि आत गेली.

परत

दत्तू वाचला. दिवे लागेपर्यंत हाताला ऊब आली, दुसऱ्या दिवशी त्यानं पेज मागितली. पुढे दोन बोटं काढावी लागली, जखम उघडीच आहे, रोज पट्टी बदलतात. कशानं वाचला ते मला विचारू नका. डॉक्टर म्हणाले, "सुयांनी जंतू हटले, सलाईननं दम धरला. त्या काढ्यानं अपाय झाला नाही एवढंच मी म्हणू शकतो. उपाय झाला का, मला माहीत नाही." मला हे आवडलं. माझ्या ओळखीच्या कुठल्याही वैद्यानं तीन औषधांतलं आपलंच लागू पडलं असं सांगितलं असतं. म्हणून इथे कुणी हे वाचून मुळीच्या मागे लागू नये. हात लाल झाला, रेघ चढायला लागली, तर हळद दाबत बसू नका, आधी डॉक्टरकडे न्या. माझं दुकान हळदीचंच आहे, तरी सांगतो.

निघायच्या दिवशी दत्तू उशीला टेकून बसला होता. सुमती वाटीत काही कालवत होती. चिनी भाभी पायाशी, नाडी पाहायला आलेली.

"अण्णा," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा बाजारात मी जे बोललो..."

"गप."

"ऐक तरी. मी ते रागाच्या भरात बोललो. मला ते परत..."

"दत्तू," मी म्हणालो आणि माझा आवाज सबंध बराकीला ऐकू गेला, "बाजारात बोललेला शब्द परत घेत नाहीत. घेतलास तर याद राख."

सुमतीनं वाटी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. इतक्या लांबून आला, आठवडाभर उशाशी बसला आणि तरी आकस सोडत नाही, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. चिनी भाभीनं मात्र दत्तूच्या पावलावरची बोटं उचलली नाहीत. खाली मान घालून ती एवढंच म्हणाली, "ठीक बोलता है. अभी वापस मत लो. घाव भरने दो."

लोकूमलनी वाटेसाठी पापडांची चळत बांधून दिली. त्यांच्यासाठी मी काय ठेवलं ते त्यांना माझ्या मागे सापडलं असेल. सांगून दिलं असतं तर घेतलं नसतं. टांगा पूर्ण भाड्याचा केला आणि स्टेशनात उतरलो.

आता बार्शीत बाजाराच्या दिवशी लोक विचारतात, गेला होता म्हणे धाकट्याकडे, मग झालं का बोलणं, मिटलं का तुमचं? मी पुडी बांधता बांधता सांगतो, नाही मिटलं. तो म्हणाला तेच खरं, मी त्याचा कुणी नाही. लोक माना हलवतात आणि जातात. सुमतीचं पत्र आलंय, जखम कडेनं भरून येतेय, अजून महिना लागेल. तेवढा महिना मी त्याचा कुणी नसलेलाच बरा.